आठ गळे, एक गंधार

सांगली

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

समूहगान महोत्सवात तुम्ही आठजण बिनसाथीचं गाणार, हे कळल्यापासून मनात तेच घोळतंय. चाळीस जणांच्या वृंदात एखादा कच्चा गळा झाकून जातो. तुमच्यात गाण्याच्या एका भागाला, म्हणजे एका सुरावटीला, दोनच गळे. त्यामुळे मोठ्यांदा गाण्यापेक्षा शेजारचा ऐकू येईल एवढंच गा.

सा-प जुळतात, ती काळजी नाही. त्यांच्या कंपनांचं २:३ चं प्रमाण कान आपसूक पकडतो. घात करतो तो गंधार, म्हणजे ग. सा-ग-प एकत्र लावताना गंधार सा शी ४:५ च्या प्रमाणात हवा. कीबोर्डचा गंधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा. एकट्याच्या गाण्यात तो खपून जातो. तिघांनी स्वर धरून ठेवला की खरखरतो.

म्हणून तालमीतला कीबोर्ड आजपासून बंद, त्याजागी तंबोरा. मिरज आपल्या दाराशी आहे, तिथल्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारी, म्हणजे घोडीवर तार झणझणेल अशी तिची बैठक, नीट लागलेली असेल तर खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या, तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो, तोच आपला स्वयंभू गंधार. एकीनं सा धरावा, दुसरीनं पंचम. तिसरीनं गंधार खालून हळूहळू वर न्यावा. स्वरांतली थरथर जिथे थांबेल तिथे थांबायचं. रोज दहा मिनिटं एवढंच करा, गाणं नंतर. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी ध्वनिमुद्रणंही ऐका. तंबोऱ्यात स्वर मिसळणं म्हणजे काय, ते तिथे कळेल. १९३७ साली ते गेले, मिरजेच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. जमलं तर सगळेजण तिथे जाऊन या.

तुमच्या वयाचा असताना आमच्या वृंदाचं एक गाणं संपल्यावर कुणीतरी पेटीवर सा दाबला. आम्ही जवळजवळ अर्धा स्वर खाली आलो होतो, आणि एकालाही पत्ता नव्हता. ते अजून सलतं. उतरताना आवाज गरजेपेक्षा जास्त उतरतो, चढताना पुरता चढत नाही. प्रत्येक ओळीत केसभर, चार मिनिटांत अर्धा स्वर. उतरत्या जागा कागदावर पेन्सिलीनं खुणावून ठेव.

श्वास भागातल्या दोघांनी आळीपाळीनं घ्यावा. 'आ' सगळ्यांचा एकाच तोंडाचा हवा, नाहीतर स्वर जुळूनही गाणं फाटल्यासारखं वाटतं. निर्देशक नसल्यामुळे सुरुवातीचा तुझा श्वास हाच इशारा, तो सगळ्यांना दिसू दे. रिकामं सभागृह घुमतं, माणसांनी भरलं की तेच कोरडं होतं, तेव्हा सकाळच्या तालमीतल्या आवाजावर विसंबू नका. आणि आपलं झालं म्हणून उठून जाऊ नका, बाकीच्यांचं शेवटपर्यंत ऐका.

परवा संध्याकाळी येऊन माझा तंबोरा घेऊन जा. खर्जाची तार नवी आहे, अजून उतरते. थोड्या थोड्या वेळानं बघत राहावी लागेल.

तुझे,
सर