एल्फिन्स्टनवर पीएचडी करायचीय? आधी मोडी शीक

प्रश्न – मी साताऱ्याची. एम.ए. इतिहासाच्या शेवटच्या वर्षाला आहे. 'माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन : जीवन व कार्य' या विषयावर पीएचडी करावी असं मनात आहे. आईबाबा म्हणतात, त्यापेक्षा बी.एड. करून टाक. काय करू?

उत्तर – हे शीर्षक घेऊन मुलाखतीला गेलीस तर 'यात नवीन काय?' या पहिल्याच प्रश्नाला अडकशील. १७९६ साली सोळाव्या वर्षी कलकत्त्याला उतरलेला हा माणूस बनारस, पुणे, नागपूर, पेशावर, परत पुणे असा फिरत १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर होता. पेशावरच्या वकिलातीसाठी फारसी लागेल. खासगी कागदांचा मोठा संग्रह लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. हा पसारा चार वर्षांत आवरत नाही.

फेब्रुवारी १८१८ ते ऑक्टोबर १८१९ एवढाच तुकडा धर. पेशव्यांचा मुलूख इंग्रजांनी ताब्यात घेताना एल्फिन्स्टनने काढलेला ११ फेब्रुवारीचा जाहीरनामा तुझ्या साताऱ्यातच निघाला. वतनं, इनामं, वर्षासनं (दरसाल मिळणाऱ्या नेमणुका) चालू राहतील असं त्यात वचन होतं. मग पुण्याला रॉबर्टसन, नगरला पॉटिंजर, खानदेशात ब्रिग्ज, धारवाडला चॅप्लिन, साताऱ्यात ग्रँट या इंग्रज अधिकाऱ्यांकडून गाव, पाटील-कुलकर्णी, पंचायत यांची माहिती मागवून एल्फिन्स्टनने अहवाल लिहिला. एका तालुक्यात ते वचन किती पाळलं गेलं, हा झाला विषय. इंग्रजी अहवालात साहेबाची बाजू मिळेल. वतनदाराची बाजू पुणे पुराभिलेखागारातल्या मोडी रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांत, शोधावी लागेल.

त्याआधीच्या काळात शिरलीस तर एक लक्षात ठेव. ५ नोव्हेंबर १८१७ ला, खडकीच्या लढाईच्या दिवशी, पुण्यात संगमावरची रेसिडेन्सी, म्हणजे पेशव्यांकडचा इंग्रज वकील म्हणून एल्फिन्स्टन राहायचा ती जागा, जळाली आणि त्याचा ग्रंथसंग्रह व बरेच कागदही गेले. त्यामुळे मुंबई-कलकत्त्याला गेलेल्या पत्रांवर भिस्त ठेवावी लागते. 'पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स' या छापील पत्रसंग्रहाचे १२ आणि १३ हे खंड त्यासाठीच आहेत.

मोडी अक्षरं महिन्याभरात ओळखू येतात. घोडं अडतं ते पुढे: शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाला धरबंध नसतो आणि सालं शुहूर सनात, म्हणजे अरबी अंकशब्दांत लिहायच्या जुन्या कालगणनेत असतात. 'समान अशर मयातैन व अलफ' म्हणजे ८+१०+२००+१०००, अर्थात १२१८. हे वर्ष मृगाला सुरू होतं. म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. फेब्रुवारीच्या कागदाला ५९९ लावले की १८१८ चं प्रकरण १८१७ मध्ये, पेशवाई शाबूत असताना जाऊन बसतं! छापील प्रबंधांतही ही चूक सापडते.

आता पैशांचं. आईबाबांचं अगदीच चूक नाही. नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा वर्षातून दोनदा होते. तिच्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं वेगळं, मग पूर्णवेळ पीएचडी खुशाल कर. दोन प्रयत्नांत नाही जमलं तर बी.एड. करून नोकरी धर आणि पीएचडी अर्धवेळ कर. नियमांत त्याची सोय आहे. मोडी मात्र दोन्ही वाटांवर उपयोगी. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना मोडी वाचणारे किती कमी आहेत ते सगळ्यांनी पाहिलंच.

पुराभिलेख खात्याच्या मोडी वर्गाची चौकशी या सुट्टीतच कर. आणि मार्गदर्शक ठरवण्याआधी त्यांना स्वतःला मोडी वाचता येते का, हे न लाजता विचार.