शेडवर बोजा चढवण्याआधी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका यंत्रमागधारकाचं पत्र आलं आहे. वय 51, टॉवेलचे 16 माग, सगळा खर्च जाऊन महिन्याला 90,000 हातात. घरखर्च 55,000. एफडी 14 लाख, पीपीएफ 9 लाख, म्युच्युअल फंड 6 लाख. मुलगा 17 वर्षं 8 महिन्यांचा, बारावी सायन्स, गणित घेतलेलं. धाकटी मुलगी नववीत. मुलाला पायलट व्हायचं आहे. एका फ्लाइंग अकॅडमीने कमर्शियल पायलट लायसन्ससाठी, म्हणजे सीपीएलसाठी, 55 लाख सांगितले. बँक शेड तारण घेऊन 11 टक्क्यांनी 50 लाख द्यायला तयार आहे आणि अकॅडमीला 50,000 टोकन देऊन झालंय. शेवटी लिहिलंय, "मेहुणे म्हणतात एनडीएला घाला, फुकटात पायलट होतो. पोरगं म्हणतं, विमान ते विमान. तुम्ही सांगा."

भाऊ, पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. होटगी रोडच्या विमानतळावर विमान उतरायच्या वेळी मुलगा गच्चीवर जाऊन उभा राहतो, अशी. विमानाच्या वाटेतली साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पडली, जून 2025 मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, आणि आपल्या पोरांना विमान डोळ्यांनी दिसायला लागलं. त्याच्या स्वप्नाला मी हात लावणार नाही. पण बँकेच्या कागदावर सही करण्याआधी हे वाचा.

आधी कर्ज. बँकेने तुम्हाला शिकत असतानाचा हप्ता शून्य असं सांगितलं असेल. हप्ता शून्य असतो, व्याज शून्य नसतं. पैसे टप्प्याटप्प्याने उचलले तरी प्रशिक्षण आणि त्यानंतरचं एक वर्ष मिळून तीन वर्षांत 50 लाखांचे साधारण 62 लाख होतील. 11 टक्के, दहा वर्षं, एका लाखाला हप्ता सुमारे 1,378 रुपये. म्हणजे महिन्याला 85,000 च्या वर. तुमची कमाई 90,000. तुम्ही सहकर्जदार आहात, त्यामुळे मुलाला नोकरी लागेपर्यंत तो हप्ता तुमच्या टॉवेलांतूनच जाणार, आणि शेवटचा हप्ता फिटेल तेव्हा तुम्ही 64 वर्षांचे असाल. सुताचा भाव चढला, मंदीत माग महिनाभर बंद राहिले, तरी बँक थांबत नाही. वजावटीच्या भरवशावरही राहू नका, शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते.

आणि 55 लाखांत गोष्ट संपत नाही. सीपीएल म्हणजे 200 तासांचं उड्डाण आणि डीजीसीए या नागरी उड्डाण नियामकाच्या परीक्षा. ते हातात आलं तरी एअरबस 320 किंवा बोइंग 737 चालवायला त्या विमानाचं वेगळं टाइप रेटिंग लागतं, त्याचे आणखी 15 ते 20 लाख धरा. तुमची एफडी तिथे जाईल. मग मुलीच्या शिक्षणाला उरतं काय?

नोकरी लागली तर पगार चांगला असतो, कॅप्टन झाल्यावर तर फारच. पण "लागली तर" या दोन शब्दांवर तुमची शेड उभी करायची का, हा प्रश्न आहे. 2012 मध्ये किंगफिशर बंद पडली, 2019 मध्ये जेट, 2023 मध्ये गो फर्स्ट, मध्ये 2020 ची टाळेबंदी. कंपनी बुडते तेव्हा हजारो तासांचा अनुभव असलेले पायलट बाजारात येतात आणि 200 तासांचं नवं पोर रांगेत मागे जातं. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने सगळी फी आगाऊ भरली होती. अकॅडमीची निम्मी विमानं दुरुस्तीला, शिकवणारे सोडून गेलेले. दोन वर्षांचा कोर्स चार वर्षं चालला. त्या मुलाची लॉगबुक मी पाहिली आहे: एका अख्ख्या महिन्यात उड्डाण फक्त 3 तास 20 मिनिटं. व्याज मात्र त्या महिन्याचंही पूर्ण लागलं.

आता मेहुण्यांचं बोलणं. पैशापुरतं ते बरोबर आहे. एनडीए म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तीन वर्षं, मग हैदराबादजवळ डुंडिगलची हवाई दल अकादमी. शिक्षणाचा खर्च सरकारचा, आणि डुंडिगलला गेल्यापासून सातव्या वेतन आयोगानुसार महिना 56,100 विद्यावेतन. अधिकारी झाल्यावर मूळ वेतन तेवढंच, त्यावर महागाई भत्ता, 15,500 सैनिकी सेवा वेतन आणि 25,000 पासून पुढे उड्डाण भत्ता. कायम कमिशनमध्ये 20 वर्षं भरली की पेन्शन. तेव्हा तो चाळिशीच्या थोडा पुढे असेल. एअरलाइनमध्ये 65 पर्यंत उडवता येतं, म्हणजे हवाई दलानंतरही वीसेक वर्षं हातात राहतात. डीजीसीएच्या परीक्षा तेव्हाही द्याव्या लागतात, पण सैन्यातले तास धरले जातात.

तरीसुद्धा, पैसे वाचतात म्हणून पोराला हवाई दलात ढकलू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतोय. तिथे लढाऊ विमान, मालवाहू की हेलिकॉप्टर, हे हवाई दल ठरवतं. हेलिकॉप्टरवर गेलेल्याला पुढे एअरलाइनची वाट अवघड जाते. प्रशिक्षणात उड्डाण जमलं नाही तर दुसऱ्या शाखेत जावं लागू शकतं. बदल्या आहेत, सीमा आहे, जोखीम आहे. "विमान ते विमान" म्हणणाऱ्या मुलाला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. त्याच्यासोबत बसा, मेहुण्यांना बाजूला ठेवून, आणि विचारा: उद्या वर्दी मिळाली पण कॉकपिट मिळालं नाही, तर चालेल का? तो "नाही" म्हणाला तर एनडीएचा विषय तिथेच थांबवा, मला वाईट वाटणार नाही. गप्प राहून विचारात पडला, तर पुढचं वाचा.

कारण दोन्ही वाटांची मुदत सारखी नाही. एनडीएला कोर्स सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस लागतं. परीक्षा आणि कोर्स यांच्यात आठ ते दहा महिने जातात, म्हणजे तुमच्या मुलाला दोन संधी आहेत. लेखी 900 गुण, एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत, 900. हवाई दलासाठी त्यातच पायलटची संगणकीय चाचणी असते आणि ती आयुष्यात एकदाच देता येते, त्यामुळे तयारीशिवाय नशीब आजमावायला जाऊ देऊ नका. एनडीए हुकलं तर पदवीनंतर एएफकॅट ही हवाई दलाची परीक्षा आहे, वय 20 ते 24. त्यातून 14 वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस मिळतं, पेन्शन नाही. सीपीएल मात्र बावीस-तेविसाव्या वर्षीही घेता येतं. म्हणून त्याला यंदा सोलापुरातच पदवीला घाला. फी तुमच्या एका महिन्याच्या वीजबिलाहून कमी असेल.

(जाता जाता: एनडीए 2022 पासून मुलींनाही खुली आहे, आणि नाशिकला मुलींची शासकीय सैनिकी पूर्वतयारी संस्था दहावीनंतर प्रवेश देते. तुमच्या नववीतल्या लेकीला विचारलंत का कधी?)

पहिला खर्च डोळ्यांवर करा. नेत्रतज्ज्ञाकडे नेऊन रंगज्ञानाची तपासणी करून घ्या, ती रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखायची. रंगांधळेपणा निघाला तर हवाई दलात पायलट होता येत नाही, आणि एअरलाइनचा रस्ताही बहुधा तिथेच संपतो. मग डीजीसीएची क्लास 2 आणि क्लास 1 वैद्यकीय तपासणी. ही पास होण्याआधी कुठल्याही अकॅडमीला रुपया देऊ नका. चष्म्याचा नंबर एअरलाइनला चालतो, हवाई दलाचे निकष फार कडक आहेत.

वर्षभराने नागरी वाटच ठरली, तर रायबरेलीजवळच्या फुरसतगंजची सरकारी उड्डाण अकादमी आणि गोंदियाची संस्था आधी पाहा. डीजीसीएच्या लेखी पेपरांची तयारी घरी राहून करता येते, ते उड्डाणाआधी काढले तर महागडे महिने वाचतात. पैसे टप्प्याने द्या, उडालेल्या तासांप्रमाणे. अकॅडमीत स्वतः जाऊन मोजा की आज किती विमानं उडतात आणि किती मुलं रांगेत आहेत. कर्ज 30 लाखांच्या वर नको, आणि तारण म्हणून एफडी-म्युच्युअल फंडाचा विचार आधी, शेड सगळ्यात शेवटी. तुमच्या नावावर एक कोटीचा टर्म विमा मात्र कर्ज घ्या न घ्या, याच महिन्यात काढा. पत्रात त्याचा उल्लेखच नाही.

टोकनचे 50,000 परत मागा, लेखी मागा, पोच घ्या. नाही मिळाले तर सोडून द्या. त्या पन्नास हजारांच्या मोहात पुढचे पंचावन्न लाख भरू नका.