स्लॅशरचा मोठा नट सारखा ढिला होतो: वेल्डिंग नको, आवळताना जोर मोजा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. संत्राबागेत ट्रॅक्टरला जोडून गवत कापायचा पाच फुटी स्लॅशर. गिअरबॉक्सच्या शाफ्टखाली पात्यांची थाळी धरून ठेवणारा मोठा नट दोन हंगामांत तीनदा ढिला झाला, दरवेळी चार फुटी पाइप लावून दोघांनी जीव खाऊन आवळला, आणि आता गॅरेजवाले म्हणतात की नटाला वेल्डिंगचा टाका मारून टाकू. टाका मारू देऊ नका. शाफ्ट आणि चांगले बोल्ट पाणी देऊन कडक केलेल्या पोलादाचे असतात, वेल्डिंगच्या उष्णतेनं नेमकं तिथलंच पाणी उतरतं. शिवाय नट जागेवर राहिला तरी आतली थाळी हलत राहते आणि तिला फिरवणारे शाफ्टचे दाते खात जाते. पुढे ऑइल सील बदलायचं म्हटलं की तो नट गॅसनं कापावा लागतो, आणि नटाबरोबर बहुधा शाफ्टही जातो.

आता मूळ गोष्ट. नट थाळीला धरत नाही, ताणलेला शाफ्ट किंवा बोल्ट धरतो. आवळलं की लोखंड केसभर ताणलं जातं आणि मागे यायला बघतं, त्या ओढीनं दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. तुम्ही पान्यावर लावता त्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा या ताणात जातो. निम्म्याच्या आसपास जोर नटाच्या बुडाशी घासण्यात संपतो, उरलेला आट्यांमध्ये. म्हणून आटे गंजलेले किंवा मातीनं भरलेले असले की नट दगडासारखा घट्ट लागतो, पण ताण आलेलाच नसतो. तासाभराच्या हादऱ्यात तो मोकळा होतो. तुमच्याकडे हेच होत असावं असं मला वाटतं.

दुसरी शक्यता उलटी आहे. चार फुटांच्या टोकाला दोघांनी मिळून शंभर किलोचा जोर दिला तर सुमारे १,२०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, होतो. एवढ्या जोरानं आटे कायमचे ताणले जाऊ शकतात, आणि ताणून लांबलेले आटे पुन्हा धरत नाहीत. जुन्या नटात नवा बोल्ट किंवा जुन्या शाफ्टवर नवा नट हातानं फिरवून बघा. मध्येच कुठे जड जात असेल तर आट्यांची चाल, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, बिघडली आहे.

कामाला लागण्याआधी पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा, स्लॅशर फिरवणारा शाफ्ट) बंद, ट्रॅक्टर बंद, चावी खिशात. स्लॅशर हायड्रॉलिकवर उचलून खाली शिरू नका, डेकच्या, म्हणजे पात्यांवरच्या लोखंडी झाकणाच्या, चारही कोपऱ्यांखाली लाकडी ठोकळे द्या. विटा नकोत, वीट काही न सांगता फुटते. थाळी फिरू नये म्हणून पातं आणि डेकची कड यांत लाकूड अडकवा.

नट काढा, थाळी उतरवा आणि दाते नीट बघा. थाळी परत नुसती बसवून हातानं मागेपुढे हलवली आणि खडखड लागली, तर कितीही आवळून उपयोग नाही, थाळी बदलावी लागेल. दाते ठीक असतील तर शाफ्ट, थाळीचं भोक आणि नटाचं बूड वायर ब्रशनं चकचकीत करा. बुडाखाली रंगाचा थर असेल तर खरवडून काढा. रंग दाबला जाऊन पातळ होतो आणि तेवढाच ताण सुटतो. नवीन मशिनचे नट पहिल्या काही तासांत ढिले पडतात त्याचं हेही एक कारण आहे.

नटासाठी किती टॉर्क हवा हे स्लॅशरच्या पुस्तकात असतं, तोच आकडा धरा. बाहेरच्या मशिनच्या पुस्तकात तो फूट-पाउंडमध्ये असतो. त्याला १.३६ नं गुणलं की न्यूटन मीटर मिळतात. ४५० फूट-पाउंड म्हणजे ६१० न्यूटन मीटर. पाना ४५० न्यूटन मीटरवर लावून कुणी आवळलं तर पाव हिस्सा जोर कमी पडतो. इतर बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं असतं, ती त्याच्या ताकदीची खूण. ८.८ चा बोल्ट असेल तर १६ एमएमला साधारण २००, २० एमएमला ४००, २४ एमएमला ७०० न्यूटन मीटर, हे कोरड्या स्वच्छ आट्यांसाठी. तेल लावलं असेल तर पाव हिस्सा कमी करा, नाहीतर त्याच आकड्यावर बोल्ट जास्त ताणला जातो. पुस्तकात तेल लावा असं म्हटलं असेल तर आकडाही तेलाचाच असतो, तिथे काही कमी करायचं नाही.

टॉर्क पाना पाऊण इंची गोटीचा लागतो आणि महाग येतो. माझ्याकडे अनेक वर्षं नव्हता. मी पोती तोलायचा लटकता काटा वापरायचो, आणि ही रीत आजही खात्रीची आहे. नट जमिनीकडे तोंड करून असतो, म्हणजे पाइप आडवा फिरतो. नटाच्या मध्यापासून बरोबर एक मीटरवर पाइपला खूण करा, तिथे काटा बांधा आणि पाइपशी काटकोन ठेवून सावकाश ओढा. ६०० न्यूटन मीटर हवे असतील तर काटा ६१ किलो दाखवेपर्यंत. चार फुटांवर बांधला तर ५० किलो पुरतात. हिसका मारू नका, नट फिरत असतानाचा आकडा बघायचा. ट्रॅक्टर जोडलेला आणि हँडब्रेक लावलेला ठेवा, नाहीतर अख्खा स्लॅशर सरकतो. इम्पॅक्ट गननं नट उतरवा, खुशाल. शेवटचं आवळणं मात्र तिच्यावर सोडू नका.

आता जे बहुतेक जण विसरतात. शाफ्ट उताराचा, म्हणजे टोकाकडे निमुळता, असेल तर थाळी एका आवळण्यात पूर्ण वर चढत नाही. आकडा आला की थाळीच्या मधल्या भागावर, नटाच्या बाजूला, जड हातोड्याचे दोन-तीन ठोके द्या आणि पुन्हा आवळा. नट परत थोडा फिरेल. फिरायचा थांबेपर्यंत हे करा. माझा नट टिकायला लागला तो या ठोक्यांपासून.

खाचांचा नट असेल तर स्प्लिट पिनच्या भोकाशी खाच जुळवायला नट कधीही मागे घेऊ नका, पुढच्या खाचेपर्यंत आवळा. पिन दरवेळी नवी. पिन नट पडू देत नाही, एवढंच तिचं काम. ढिलेपणा ती थांबवत नाही. स्प्रिंग वायसरवरही एवढ्या मोठ्या बोल्टला भिस्त ठेवू नका, कडक सपाट वायसर चांगला. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) एकदा काढला की बदला.

पात्यांचे बोल्टही याच वेळी बघा. त्यांना खांदा, म्हणजे पातं ज्यावर फिरतं तो जाड गुळगुळीत भाग, असतो, बोल्ट पूर्ण आवळल्यावरही पातं हातानं मोकळं फिरलं पाहिजे. अडकत असेल तर खांदा झिजलाय. बोल्ट ढिला ठेवून पातं मोकळं करणं हा उपाय नाही, बोल्ट बदला. मिनिटाला हजार फेऱ्यांवर चार किलोचं पातं बोल्टला अडीच टनांहून जास्त जोरानं बाहेर ओढतं आणि त्याचं टोक ताशी २८० किलोमीटरच्या आसपास पळत असतं. आमच्या द्राक्षबागेत एकदा असंच पातं सुटलं, दोन ओळी ओलांडून अँगलवर आदळलं. त्या ओळीत सकाळी डिपिंगच्या, म्हणजे द्राक्षघड औषधात बुडवायच्या, कामाच्या बायका होत्या. तेव्हापासून दर हंगामाआधी मी हे बोल्ट स्वतः तपासतो.

सगळं आवळून झालं की नटावरून शाफ्टवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. एक तास चालवा, बंद करा, पुन्हा त्याच आकड्यावर तपासा, मग दहा तासांनी परत. पिन काढून तपासावं लागेल, कंटाळा करू नका. नंतर रोज सकाळी वाकून रेघ बघितली तरी चालतं. रेघ तुटलेली दिसली तर त्या दिवशी स्लॅशर सुरू करू नका.

थाळी उतरवलीत की दात्यांचा आणि आट्यांचा उजेडातला फोटो टाका. शाफ्टचा व्यास आणि आट्यांची चाल मोजून सांगा, नट कोणता लागेल ते बघून सांगतो.