उसाच्या दिवसांत पंढरपूर ते बार्शी, एकट्याने सायकलवर

प्रिय मित्रा,

फेब्रुवारीत पंढरपूरहून मोडनिंब, कुर्डुवाडी करत एका दिवसात बार्शी गाठायची म्हणतोस. अंतर सुमारे ९० किलोमीटर आणि मोठा घाट नाही, तेव्हा पायांची काळजी करू नकोस. काळजी करायची ती वेळेची. गळीत हंगाम चालू असतो आणि हे रस्ते तेव्हा शेतीच्या कामाचे असतात. तुझं वेळापत्रक त्या कामाला जुळवून घे.

आधी पंचांग बघ. माघी एकादशीच्या आसपास पंढरपुरात खोली मिळणं कठीण आणि रस्ते दिंड्यांनी भरलेले. ते चार दिवस टाळ.

सकाळी साडेसहाला तयार राहा, पण पुरतं उजाडल्याशिवाय निघू नकोस. उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात आणि पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. उजेडातही एक गोष्ट पक्की लक्षात ठेव : ट्रॅक्टरमागे बहुधा दोन ट्रॉल्या असतात. मागून ट्रॅक्टर पुढे गेला, पहिली ट्रॉली गेली, की सायकलवाला सुटलो म्हणून पुन्हा रस्त्यावर सरकतो, आणि दुसरी ट्रॉली त्याला घासते. बाहेर आलेली उसाची टोकं खांद्याला लागतात ती वेगळीच. दुसरी ट्रॉली डोळ्यांनी पुढे गेलेली बघ, मगच जागा बदल. हॉर्नच्या किंवा घंटीच्या भरवशावर राहू नकोस. ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठ्याने लागलेली असतात की चालकाला काही ऐकू येत नाही. तू मागे असलास तर १५-२० मीटर अंतर ठेव, कारण खड्ड्यात ट्रॉली आदळली की ऊस खाली पडतो.

साइडपट्टीवर उतरावं लागलं तर उतर, पण चढताना सायकल तिरकी घेऊ नकोस. डांबराची कड दोन-तीन इंच उंच असते, पुढचं चाक तिला घासत जातं आणि माणूस थेट रस्त्यावर पडतो. थांब, सायकल उचल, वर ठेव.

आता काटे. साइडपट्टीवर सराटे आणि सावलीला बाभूळ, म्हणजे विसाव्याच्या जागीच पंक्चर. बाभळीखाली सायकल ढकलत नेऊ नकोस, उचलून ने; जमलं तर कडुलिंब किंवा चिंच शोध. पंक्चर झालं की नुसती ट्यूब बदलून भागत नाही. काटा टायरमध्येच राहतो आणि दहा मिनिटांत नवी ट्यूबही पंक्चर होते. टायरच्या आतून जुना रुमाल फिरव. जिथे धागा अडकेल तिथे काटा आहे. तो चिमट्याने काढ आणि पुन्हा एकदा रुमाल फिरव. दोन जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर, पंप आणि पॅचची डबी जवळ हवीच. तुझ्या ट्यूबला प्रेस्टा व्हॉल्व्ह (हवा भरायचं बारीक तोंड) असेल तर अडॅप्टर घे, नाहीतर गावातल्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर असून नसल्यासारखा. ३५-४० मिलिमीटरच्या टायरला दहा किलो सामानासह मागे ६० आणि पुढे ५० पीएसआयच्या आसपास हवा पुरते. टायरवर छापलेली मर्यादा मात्र ओलांडू नकोस.

पाण्याची चारी फुटली असेल किंवा ट्रॅक्टर ओल्या रानातून आला असेल, तर डांबरावर काळी माती पसरलेली दिसेल. ती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये दाटते आणि चाक जाम होतं. अशी माती दिसली की उतरून कडेने जा. तरी अडकलीच तर काडीने खरवड. वाळली की दगड होते.

पाणी तीन लिटर घेऊन नीघ. उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागतं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच कालव, कमी पाण्यात नको. वस्तीवर बोअरचं पाणी मागितलंस तर कुणी नाही म्हणत नाही, पण शेतीची वीज पाळीने येते, मोटार बंद असू शकते. त्यामुळे शेवटची बाटली अर्धी झाली की लगेच भर. ठिबकच्या नळीचं किंवा फिल्टरजवळच्या नळाचं पाणी अजिबात पिऊ नकोस, त्यातून विद्राव्य खत सोडलेलं असतं. द्राक्षाचा घडही तोडून खाऊ नकोस. तोडणं बरं नाही म्हणून नव्हे, फवारणी कधी झाली ते तुला ठाऊक नसतं. बागेत ब्लोअर (औषध फवारायचं यंत्र) चालू दिसला तर वाऱ्याची दिशा बघून थांब. वारा कळायला साखर कारखान्याच्या चिमणीचा धूर पुरे.

पोटाला सकाळी पोहे, मग दर पाऊण तासाने केळं किंवा गूळ-शेंगदाणे. कुर्डुवाडी बाराच्या आत गाठ. तिथे ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगाचटणी मिळाली तर दीड भाकरीवर थांब. साडेतीनपर्यंत सावलीत पड. एखाद्या मंदिराच्या सभामंडपात पडायचं असेल तर पुजाऱ्याला विचारून. उरलेलं अंतर ४० किलोमीटरच्या आत आहे, अंधाराआधी होतं.

एकटा आहेस, म्हणून घरी मोडनिंब, कुर्डुवाडी आणि बार्शी अशा तीन फोनांची वेळ सांगून ठेव, आणि एक तास उशीर झाला तर त्यांनी काय करायचं तेही.

बार्शीत खोली मिळाली की आधी चेन कोरड्या फडक्याने पूस आणि प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल सोड; जास्त तेलावर धूळ बसते. मग ट्यूबला पॅच लाव. भोकाभोवतीची जागा घास, तिथे सोल्यूशन लावून पाच मिनिटं थांब, बोटाला चिकटेनासं झालं की पॅच दाब. ओल्यावर लावलेला पॅच दुसऱ्या दिवशीच्या उन्हात सुटतो. हवा भरून ट्यूब बादलीत बुडव, बुडबुडा नाही ना बघ, आणि मगच जेवायला जा.

तुझा,
दादा