बाळाला उबळ आली की घास अडकला?

तू लिहिलंयस त्यावरून साडेसहा महिन्यांच्या बाळाला उकडलेल्या गाजराची फोड दिलीस, तोंड लालबुंद झालं, जीभ बाहेर आली, खोकत ओकारी काढल्यासारखं केलं, आणि सासूबाईंनी बोट घालून फोड काढली. आता घरात ठरलंय की वर्षाचं होईपर्यंत नुसतं वरणाचं पाणी.

अगं, ती ओकारीची उबळ होती. घास अडकला नव्हता. या वयात उबळ आणणारी जागा जिभेवर बरीच पुढे असते, म्हणून तुकडा श्वासनलिकेपासून लांब असतानाच बाळ तो बाहेर ढकलतं. वाढत्या महिन्यांबरोबर ती जागा मागे सरकते आणि उबळी कमी होतात. बाळ आवाज करतंय, खोकतंय, म्हणजे हवा जातेय. तेव्हा समोर शांत बसायचं आणि तोंडात बोट घालायचं नाही, कारण बोटाने तुकडा आत सरकतो. हे सासूबाईंना जरूर सांग, पण प्रेमाने. घाबरूनच केलंय त्यांनी.

घास अडकला की आवाज बंद होतो. रडू फुटत नाही, खोकला क्षीण होतो किंवा येतच नाही, ओठ आणि जीभ निळसर पडतात. सावळ्या बाळाच्या चेहऱ्यावरून रंग कळत नाही, ओठांच्या आत बघ. मग क्षणही घालवू नकोस. कुणाला तरी १०८ लावायला सांग. बाळाला हातावर पालथं घे, डोकं छातीपेक्षा खाली, जबड्याला आधार. दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ थापा जोरात. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर ५ दाब. तुकडा निघेपर्यंत आलटून पालटून हेच. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही. तुकडा डोळ्यांना दिसला तरच काढायचा. बाळ निपचित पडलं तर सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं, सुरू करावा लागतो. तो आणि या थापा लसीकरणाला जाशील तेव्हा डॉक्टरांकडून बाहुलीवर शिकून घे, घरातल्या सगळ्यांनी.

आपल्या इंदूरच्या घरांत मला खरी भीती वाटते ती पोह्यांच्या ताटाची. त्यात शेंगदाणे, वर शेव, डाळिंबाचे दाणे, आणि कुणीतरी लाडाने "चाखू दे की" म्हणत चिमूटभर बाळाच्या तोंडात घालतं. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर वा सफरचंद नाहीच. दाण्याचं बारीक कूट खिमटीत कालवलेलं चालतं. हिवाळ्यात गराडू, म्हणजे आपल्याकडचा तो कंद, द्यायचा तर तळलेला नाही, मऊ उकडून.

दुसरं म्हणजे पायांवर आडवं टाकून भरवणं. आज्या वर्षानुवर्षं तसंच भरवतात, पण घास आपोआप मागे घरंगळतो. बाळाला ताठ बसव, मान सावरलेली असू दे, आणि खाताना एक मोठं माणूस समोर हवंच.

वरणाच्या पाण्यावर मात्र थांबू नकोस. त्याने पोट भरल्यासारखं होतं, अंगी फारसं लागत नाही, आणि नऊ-दहा महिन्यांपर्यंत दाटसर काही दिलंच नाही तर पुढे मुलं चावायला कुरकुरतात. गाजर पुन्हा दे. अंगठा आणि बोटात धरून सहज चिरडलं जाईल इतकं शिजवलेलं, बोटाएवढं लांब, बाळाच्या हातात.