बाजाराची कॉपी करतेयस ना, मग सफरचंदं सगळ्यात शेवटी

अगं, तुझ्या अर्धवट कॉपीचा फोटो मिळाला. फ्रेंच चित्रकार लेर्मितचा लांदेर्नोचा (फ्रान्समधल्या ब्रिटनीतलं गाव) सफरचंद बाजार निवडलास हे मला फार आवडलं. १८७८ च्या आसपासचं चित्र आहे ते, मूळ फिलाडेल्फियाच्या म्युझियममध्ये, पण ते ऑइल पेंटिंग आहे आणि तू सॉफ्ट पेस्टलमध्ये, म्हणजे भुकटी सुटणाऱ्या रंगकांड्यांनी करतेयस, म्हणजे त्याने पॅलेटवर मिसळलेला रंग तुला कागदावरच एकावर एक स्ट्रोक टाकून मिळवायचाय. अवघड आहे, पण शिकायला मिळतं ते त्यातच. आणि लेर्मित स्वतः चारकोल-पेस्टलमध्ये एकदम तयार माणूस, त्यामुळे तुझी निवड बरोबरच आहे.

फक्त तू सुरुवात टोपल्यांपासून केलीस. सफरचंदं गोल, चकचकीत, आणि बायका अजून कोऱ्या कागदावर. असं नको करूस प्लीज. बाजारात वस्तू इतक्या असतात की एकेक रंगवत गेलीस तर गर्दी कधी दिसणारच नाही. डोळे बारीक करून बघ, बायकांच्या पांढऱ्या टोप्या, गडद कपडे आणि मधलं बाकी सगळं, एवढंच उरतं. आधी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चारकोलने हे तीनच टोन (फिका, मधला, गडद) लाव, ते जमल्याशिवाय रंगांचा डबा उघडूच नकोस.

कागद पांढरा नको. राखाडी नाहीतर मातकट मी-तैंत (पेस्टलसाठीचा रंगीत कागद) घे, त्याची जाळीदार बाजू सोड आणि उलटी वापर, छोटे चेहरे जाळीत हरवतात. कागदाचा रंग हाच तुझा मधला टोन, तो ठिकठिकाणी तसाच दिसू दे. गडद भाग आधी, हार्ड पेस्टल आडवी धरून, आणि काळी कांडी बाजूला ठेव, गडद निळा, तपकिरी, बॉटल ग्रीन एकमेकांवर टाक. मऊ, फिक्या कांड्या शेवटी. टोप्यांची सावलीतली बाजू निळसर राखाडी असू दे, शुद्ध पांढरा अगदी मोजक्या ठिकाणी.

आणि बोटाने घासणं बंद! घासलं की कागदाचा ग्रेन, म्हणजे खरखरीतपणा, भरतो, मग वरचा थर धरतच नाही आणि सगळं पिठूळ दिसतं. फिक्सेटिव्ह (रंग कागदावर पक्का करणारा स्प्रे) मधल्या थरांवर हलकासा चालेल, शेवटच्या थरावर नको, फिके रंग काळवंडतात. भुकटीवर फुंकर मारायची नाही हं, काही रंगांत कॅडमियम, कोबाल्ट असतं, ते श्वासात जायला नको. बोर्ड उभा ठेव, भुकटी आपोआप खाली पडते, आणि मास्क लाव.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. लेर्मितचे गुरू लकोक द बुआबोद्रां मुलांना आठवणीतून चित्र काढायला लावायचे. तूही कर. दहा मिनिटं नीट बघ, स्क्रीन बंद कर आणि काढ, जिथे हात अडेल ती जागा तू नुसती उतरवत होतीस, समजलेली नव्हती. परत बघ, परत काढ. पुढे मंडईत स्केच करायला जाशील तेव्हा भाजीवाली तुझ्यासाठी थांबणार नाहीये, गिऱ्हाईक आलं की ती वळणार, तिथे हीच सवय कामाला येईल.

कॉपी झाली की खाली ‘लेर्मितवरून’ असं लिही, नुसती स्वतःची सही नको. फ्रेम करताना काच आणि चित्रात माउंटची (जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची) फट ठेवायला सांग, काच चिकटली की रंग निघून येतो, आणि पावसाळ्यात ओल्या भिंतीवर लावू नकोस, बुरशी धरते. पण ते सगळं नंतर, आधी मला ते आठवणीतून काढलेलं पाठव, कितीही वेडंवाकडं असलं तरी.