वाचकांचे प्रश्न : कोकणकड्याचा सूर्यास्त परत का आला?

प्रश्न : मी निवृत्त बँक कर्मचारी असून सहा वर्षांपासून कॅमेरा घेऊन भटकतो. स्टॉक छायाचित्रे, म्हणजे कोणीही जाहिराती-लेखांसाठी विकत घेऊ शकेल अशी तयार छायाचित्रे, विकणाऱ्या एका संकेतस्थळाकडे मी तीस छायाचित्रे पाठवली. त्यांतील चोवीस ‘नॉइज’, ‘फोकस’ आणि ‘बौद्धिक संपदा’ अशी कारणे देऊन नाकारण्यात आली. हीच छायाचित्रे मित्रमंडळींना फार आवडली होती. संपादन करताना माझे काय चुकते? नमुन्यादाखल तीन सोबत जोडली आहेत. – एक वाचक, सातारा

उत्तर : आपली तिन्ही छायाचित्रे मी मूळ आकारात उघडून पाहिली. मित्र मोबाइलच्या पडद्यावर चित्र पाहतो आणि पुढे सरकतो. स्टॉकचा परीक्षक तेच चित्र शंभर टक्के मोठे करून कोपऱ्याकोपऱ्यातून फिरतो, कारण ते उद्या एखाद्या प्रवास कंपनीच्या भिंतीएवढ्या फलकावर जाऊ शकते. शिवाय विकत घेणारा त्यावर स्वतःचा मजकूर आणि स्वतःचे रंग चढवणार असतो, त्यामुळे त्याला हात राखून संपादित केलेली स्वच्छ प्रत लागते. आपला हात जरा सैल सुटला आहे, एवढेच.

हरिश्चंद्रगडावरील कोकणकड्याचा सूर्यास्त आपण एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र बरेच लहान ठेवून, टिपला आहे. आकाशात डावीकडे वर जे सात करडे ठिपके दिसतात ते पक्षी नव्हेत. ती सेन्सरवरची धूळ आहे, आणि छिद्र इतके लहान केले की ती ठळक उमटते. दरीतील धुरकटपणा घालवण्यासाठी आपण ‘डिहेझ’ची पट्टी बरीच सरकवली, तेव्हा हे ठिपके अधिक गडद झाले आणि सावलीत दडलेले दाणे, म्हणजेच ‘नॉइज’, तेही वर आले. त्यानंतर सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) वाढवल्यामुळे सूर्याभोवतीचा लाल रंग इतका तुंबला आहे की तिथे ढगांचे थर न दिसता एकच सपाट डाग दिसतो. शार्पनिंगच्या अतिरेकाने कड्याच्या कडेला खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ आली आहे, तर झुडपांच्या काटक्यांना आकाशाच्या बाजूने जांभळी किनार आहे. ही किनार मात्र लेन्सची देणगी आहे, आपला दोष नाही.

हेच चित्र रॉ फाइलपासून, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ नोंदीपासून, पुन्हा करावे. प्रथम व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) साधून क्षितिजरेषा सरळ करून घ्यावी, लेन्सचा प्रोफाइल (तिचे दोष सुधारणारी तयार मांडणी) लावून जांभळी किनार काढावी, मग हायलाइट्स, म्हणजे उजळ भाग, खाली आणून सावल्या बेताने उघडाव्यात आणि हे करताना हिस्टोग्राममधील, म्हणजे उजेड-अंधाराच्या आलेखातील, लाल रेघ उजव्या भिंतीला टेकत नाही ना, हे पाहत राहावे. डिहेझ हवेच असेल तर ते संपूर्ण चित्राला न लावता ब्रशने दरीपुरते लावावे. दरीत थोडा धूसरपणा राहिला तर बिघडत नाही, उलट त्यानेच खोली कळते. धुळीचे ठिपके शंभर टक्के आकारात, पट्ट्यापट्ट्याने सरकत टिपावेत. एवढे करूनही दाणे उरले तर एक साधा उपाय आहे. आपला कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६०००×४००० चा आहे. निर्यात करताना चित्र ३०००×२००० केले तर ते ६ मेगापिक्सेलचे होते, दाणे बरेच झाकले जातात, आणि शटरस्टॉक व अडोबी स्टॉक या स्टॉक संकेतस्थळांची किमान ४ मेगापिक्सेलची अटही पाळली जाते. लहान चित्र ताणून मोठे करण्याचा उलटा उद्योग मात्र करू नये. फाइल एसआरजीबी या पडद्यांसाठीच्या प्रमाणित रंगावकाशात, जेपीईजी स्वरूपात आणि सर्वोच्च दर्जावर साठवावी.

लाँचमधून घेतलेले गेटवे ऑफ इंडियाचे छायाचित्र तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे. ते ‘बौद्धिक संपदे’वर अडले. १९२४ साली खुल्या झालेल्या गेटवेबद्दल प्रश्न नाही. आपल्याकडील १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५२ वास्तूंची छायाचित्रे काढण्यास मुभा देते. अडचण मागे दिसणाऱ्या ताजमहाल पॅलेस हॉटेलची आहे, कारण त्या इमारतीचे रूप २०१७ साली व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले गेले आहे. पुढच्या बोटीवरील शीतपेयाची जाहिरात क्लोन करून पुसता येईल, पण ताज पुसून गेटवे दाखवणे हास्यास्पद होईल. तेव्हा एकतर गेटवेपुरते क्रॉप करावे किंवा चित्र ‘एडिटोरियल’, म्हणजे जाहिरातीसाठी नव्हे तर बातमी-लेखापुरते वापरायचे, म्हणून पाठवावे. पॅरिसला जाऊन आलेल्या वाचकांनीही लक्षात ठेवावे की आयफेल टॉवर दिवसा चालतो, पण त्याच्या रात्रीच्या रोषणाईवर स्वामित्वहक्क आहे.

तिसऱ्या छायाचित्रातील, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या आजी मला सर्वांत आवडल्या. मात्र ओळखू येणारा चेहरा जाहिरातीसाठी विकायचा तर त्यांच्या सहीचे मॉडेल रिलीज, म्हणजे चित्र वापरू देण्याचे संमतिपत्र, हवे. ते नसेल तर चित्र एडिटोरियल ठरते, आणि तिथे संपादनाचे नियम वेगळे आहेत : उजेड, रंग आणि क्रॉप चालतो, दृश्यातील वस्तू काढणे चालत नाही. आपण कोपऱ्यातील पाण्याची बाटली पुसली आहे; ती परत आणावी किंवा क्रॉपमध्ये जाऊ द्यावी. चित्राखालच्या ओळीत ठिकाण आणि तारीख अचूक लिहावी. पुढच्या वारीत आपण रिलीज घ्यायचे ठरवलेत, तर तो कागद आजींना मराठीतून वाचून दाखवावा. आपला चेहरा उद्या सांधेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीतही दिसू शकतो, हे त्यांना सही करण्याआधी कळायला हवे.

प्रश्न : मोबाइलवर काढलेली सहलीची छायाचित्रे चालतात का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : चालतात, परंतु ती मूळ फाइल असावी, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली प्रत आकाराने आणि दर्जाने घटलेली असते. पोर्ट्रेट मोडमध्ये केसांच्या आणि चष्म्याच्या कडा चुकीच्या पुसल्या जातात, तेवढे पाहून घ्यावे. फोनमधील तयार फिल्टर, चौकट किंवा तारखेचा शिक्का नको. कृत्रिम बुद्धिमत्तेने आकाश बदलण्याचा मोह होत असेल तर नियम आधी वाचावेत : तिने निर्माण केलेली चित्रे शटरस्टॉक छायाचित्रकारांकडून घेत नाही, तर अडोबी स्टॉक तशी स्पष्ट नोंद केल्यास घेते.

प्रश्न : कीवर्ड, म्हणजे चित्र शोधता यावे म्हणून दिलेले शब्द, किती द्यावेत? – एक वाचक, मडगाव

उत्तर : शटरस्टॉक ५० आणि अडोबी स्टॉक ४९ पर्यंत घेते, पण रकाना भरण्यासाठी ते द्यायचे नसतात. अडोबीकडे क्रमाला महत्त्व आहे, म्हणून पहिल्या दहांत चित्राचा विषय आणि ठिकाण यावे. पाळोळेच्या किनाऱ्याला ‘गोवा’, ‘नारळ’, ‘होडी’, ‘सकाळ’ हे पुरेसे आधी येऊ द्यावे; चित्रात माणूसच नसेल तर ‘मधुचंद्र’ कशाला?